स्टेटसला ठेवलेला व्हिडिओ

पत्र: ताई, मी जत तालुक्यातला. वय 31. सहा वर्षं पुलर चालवतो, म्हणजे जड ट्रेलर ओढणारी गाडी. मागे हायड्रॉलिक एक्सल, म्हणजे खालीवर करता येणारा बहुचाकी ट्रेलर, वर मोठा माल, ट्रान्सफॉर्मर नाहीतर बॉयलर. एका ट्रिपला दीड-दोन महिने जातात. लग्नाला चार वर्षं झाली, एक मुलगी आहे. दिवाळीपर्यंत सगळं बरं होतं. आता बायको संशय घेते. रात्रीत दहा-दहा फोन. नाही उचलला तर सुपरवायझरला लावते. सगळे हसतात मला. दिवसा गाडी उभी असते तेव्हा नाही, मुद्दाम रात्री गाडी चालू असतानाच करते. म्हणते, ही नोकरी सोडा, स्कूल बस चालवा. निम्म्या पगारात घर कसं चालायचं? दिवाळीनंतर वायर उचलणारा पोरगा (रस्त्यावरच्या तारा बांबूनं वर धरतो, माल खालून जावा म्हणून) गावी गेला होता म्हणून बांबू घेऊन मीच गाडीवरच्या ट्रान्सफॉर्मरवर चढलो, त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, गावानं कौतुक केलं, ही मात्र एक शब्द बोलली नाही. तिला माझ्या कामाची किंमतच नाही. नोकरी सोडू, की तिला थोडे दिवस माहेरी पाठवू?
– तुमचा एक वाचक

अरे बाबा,

संशय घेणारी बाई गाडी उभी असताना फोन करते. दुपारी, ढाब्यावर, तू आंघोळ करून खाटेवर पडलेला असतोस तेव्हा. मागे कुणाचा आवाज येतोय का ते ऐकते. तुझी बायको त्या वेळेला गप्प असते आणि गाडी गावातून निघाली की फोन लावत सुटते. तू फोन उचलला नाहीस तर सुपरवायझरला विचारते. काय विचारते ते तू लिहिलेलं नाहीस. मी पैजेवर सांगते, "ते कुठे आहेत?" असं नसेल, "ते बरे आहेत ना?" असं असेल.

हे दिवाळीनंतर सुरू झालं म्हणतोस. व्हिडिओही दिवाळीनंतरचाच. दोन ओळींच्या अंतरावर दोन्ही गोष्टी लिहिल्यास आणि तुला त्यांचं नातं दिसलं नाही? गावानं शाबासकीचे अंगठे पाठवले, त्या पोरीनं नवरा मरताना पाहिला. मेला नाहीस, एवढाच फरक. ती काय कौतुक करणार होती?

माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते, म्हणून या बाबतीत मला राग जरा लवकर येतो. लाइन बंद केली असा सबस्टेशनवरून निरोप आला तरी ते तारेला हात लावत नसत. आधी टेस्टरने तपासणी, मग दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग, म्हणजे तार जमिनीला जोडून टाकायची, मग वर चढणं. कारण पलीकडे कुणी जनरेटर लावून बसलेला असतो आणि त्याचा करंट उलटा लाइनमध्ये येतो. शिवाय ट्रिप झालेली, म्हणजे आपोआप बंद पडलेली लाइन सबस्टेशनवरचा माणूस पुन्हा लावून बघतो. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, तू बांबू घेऊन उभा आहेस ते. ज्यांचा हाच धंदा, ती माणसं एवढं करतात. तू ड्रायव्हर आहेस आणि लुंगी खोचून चढलास.

जरा हिशेब कर. नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची तार जमिनीपासून कमीत कमी 6.1 मीटरवर हवी. 230-440 व्होल्टची घरगुती लाइन 5.8 मीटरवर. खेड्यातल्या वाकलेल्या खांबांवर हे अंतर किती पाळलेलं असतं ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस. आता तुझ्या मालाचा माथा साडेपाच मीटरवर धर आणि त्यावर तुला उभा कर. तार तुझ्या छातीच्याही खाली येते रे! हातातला बांबू पुढे असला तरी मान, खांदा, कोपर सगळं तारेच्या बाजूला. ती तार उघडी असते, तिला वरून रबर नसतं. 11 केव्हीला स्पर्शसुद्धा लागत नाही, फार जवळ गेलं की वीज उडी मारते. आणि बांबू सुका असतो हा कुठला समज? दिवाळीनंतर पहाटे दव पडतं. ओल्या बांबूतून वीज खुशाल चालते. तुझ्या पायाखाली ट्रान्सफॉर्मरची लोखंडी टाकी, हे वर.

टायर रबराचे आहेत म्हणून काही होत नाही, असं तुमच्यात बोलतात ना? होतं. वर तारेला माल लागला आणि खाली कुणी ट्रेलरला हात टेकून उभा असेल तर तो जागच्या जागी जातो. तसं कधी झालंच तर केबिनमधला माणूस आतच बसून राहतो, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत. गाडीनं पेटच घेतला तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची, गाडी आणि जमीन यांना एकदम शिवायचं नाही, आणि पाय न उचलता सरकत सरकत दूर जायचं. हे तुला सहा वर्षांत कुणी शिकवलं का? शिकवलं असतं तर व्हिडिओ काढला नसतास.

तुझ्या पत्रात सुपरवायझर फक्त हसण्यापुरता येतो. त्या रात्री लाइनमन का नव्हता? शटडाउनचा, म्हणजे लाइन बंद ठेवण्याचा अर्ज द्यायचा राहिला, की तो येईपर्यंत चार तास थांबायचं कुणाच्या जिवावर आलं? घाई असते, माल मागवणाऱ्या पार्टीचा फोन येतो, सगळं मान्य. पण 2019 च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातून एक 74 चाकी गाडी तिरुअनंतपुरमला निघाली होती, आठवतं? तुमच्या लाइनीत तिची चर्चा झालीच असेल. वर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवणारी भली मोठी भट्टी, 70 टनांचा, साडेसात मीटर उंच. पोचायला 2020 चा जुलै उजाडला. मध्ये लॉकडाउन आला हे खरं, पण एरवीही दिवसाला जेमतेम पाच किलोमीटर जायची, वाटेतल्या तारा बाजूला करत. रॉकेट बनवणारे वर्षभर थांबले. तुझ्या ट्रान्सफॉर्मरची वाट बघणारा सबस्टेशनवाला एक रात्र थांबेल.

तेव्हा स्कूल बस राहू दे. माहेरी पाठवण्याचं तर नावच काढू नकोस, घाबरलेल्या माणसाला घराबाहेर काढतात का? तू एकच गोष्ट करायची. यापुढे मालावर चढायचं नाही. तार आडवी आली की गाडी उभी करायची, एक्सल खाली बसवून माल तारेखालून निघत असेल तर काढायचा, नसेल तर महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद करेपर्यंत गिअर टाकायचा नाही. हे सुपरवायझरला उद्या सकाळी सांग, सगळ्यांसमोर. कामावरून काढेल अशी भीती वाटत असेल तर थोडा शहाणा हो: घाटात एवढा माल सांभाळून उतरवणारा ड्रायव्हर नाक्यावर उभा नसतो, हे त्याला तुझ्याआधी कळतं.

आणि "मी नाही चढणार" म्हणून गावाहून परतलेल्या त्या पोराला वर चढवलंस, तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस. वय काय असेल त्याचं, एकोणीस-वीस? त्यालाही कुणीतरी रात्री फोन लावत असेल. स्टिअरिंग तुझ्या हातात आहे. तू गाडी हलवली नाहीस तर कुणालाच चढावं लागत नाही, एवढी सत्ता त्या अख्ख्या ताफ्यात दुसऱ्या कुणाकडे नाही.

सुपरवायझरशी बोलून झालं की बायकोला फोन कर. दिवसा, गाडी उभी असताना. माफीबिफी मागत बसू नकोस, तुला ते जमणार नाही आणि तिला ते नकोही असेल. काय ठरवलंस आणि सुपरवायझर काय म्हणाला ते जसंच्या तसं सांग. ती रडेल. रडू दे, फोन ठेवू नकोस. मग तिला विचार की तो व्हिडिओ तिनं किती वेळा पाहिला. स्कूल बसचं उत्तर मी त्यानंतर देईन, तोवर मला वाटतं तीच तो विषय काढायची नाही.

– ताई