सनाला जाण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि प्रबंधासाठी काढलेले सनातल्या जुन्या घरांचे आराखडे पोचले. ओमानमार्गे कुणीतरी येमेनच्या या राजधानीपर्यंत नेऊन सोडेल, असं तू लिहिलं आहेस, तेव्हा आधी त्याचंच उत्तर देतो. आत्ता जाऊ नकोस. 2017 पासून भारत सरकारने परवानगीशिवाय येमेनला जायला बंदी घातली आहे आणि ती मोडली तर पासपोर्ट जप्त होऊ शकतो. सनातला आपला दूतावास युद्धामुळे 2015 मध्येच बंद झाला. अडकलीस तर सोडवायला येणारं तिथे कुणी नाही. आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. परक्या माणसाला घरात घेणाऱ्या, त्याच्याशी चार शब्द बोलणाऱ्या तिथल्या माणसावरही आज संशय येऊ शकतो. तू परत येशील. त्याला तिथेच राहायचं आहे. आपल्या अभ्यासाची किंमत दुसऱ्याने मोजावी, हे मला मान्य नाही.

पण जायची इच्छा सोडू नकोस. माझं म्हणणं एवढंच की या वाट पाहण्याच्या काळात सना बघायचं कसं, ते शीक. तुझ्या आराखड्यांत सगळीकडे दर्शनी भाग आहेत. विटांची नक्षी, तिच्यावरचा जिप्समचा पांढरा हात, कमरिया, म्हणजे रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या. सुंदर काढलं आहेस. मात्र ते शहर उभं आहे ते पाण्याच्या हिशेबावर आणि रोजच्या डागडुजीवर, आणि तुझ्या कागदांवर या दोन्ही गोष्टी नाहीत.

घर खालून वर वाच. तळाला काळा दगड, कारण जमिनीची ओल तिथे लागते. तिथे जनावरं आणि धान्य. वर भाजक्या विटांचे पाच-सहा मजले आणि सगळ्यात वर मफ्रज, म्हणजे दुपारी माणसं जमतात ती बैठक. तिथल्या खिडक्या इतक्या खाली का, हे जमिनीवर बसल्याशिवाय कळत नाही. बसल्या जागेवरून खालची बाग दिसावी म्हणून. भिंतीबाहेर काढलेल्या जाळीदार कोनाड्यात पाण्याची मडकी ठेवत, वाऱ्याने ती गार राहत.

आता बागांकडे ये. घरं बांधायला माती खणली, त्या खोलगट जागांत बागा झाल्या. त्यांना मक्शामा म्हणतात. मशिदीच्या विहिरीचं पाणी वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला जायचं आणि तेच पुढे बागेला मिळायचं. विहिरीतून पाणी काढायला उतरती वाट असे. जनावर उतरणीवरून खाली चालत गेलं की कातडी पखाल वर यायची. आपली मोट आणि तिची धाव, हुबेहूब तीच. संडासाची रचनाही अशीच हिशेबी होती. मैला उंच नळीतून तळाशी कोरडा पडायचा, वाळला की हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या भट्टीत जळण म्हणून जायचा आणि त्याची राख बागेत खत म्हणून यायची. घर, मशीद, हमाम आणि बाग एकमेकांच्या टाकाऊवर चालत होते. 2,200 मीटरहून उंच, कमी पावसाच्या पठारावर अडीच हजार वर्षं वस्ती टिकली, तिच्यामागे अशी काटकसर आहे. (कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे गेल्यावर पहिला दिवस जिने चढू नकोस.)

हे चक्र मोडलं कसं, ते तुझ्या प्रबंधाच्या मध्यभागी हवं. 1970 च्या दशकात घरोघरी नळ आले, पण सांडपाणी वाहून नेणारी गटारं त्या मानाने आली नाहीत. कोरड्यासाठी बांधलेल्या घरात पाणी मुरू लागलं, पाये खचले, भिंतींना तडे गेले. ऐपत असलेली कुटुंबं तटाबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेली. 1984 मध्ये युनेस्कोने शहर वाचवण्याची आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू केली, 1986 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं आणि 1995 मध्ये तिथल्या जतनाच्या कामाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. सगळे त्या पुरस्काराचे फोटो दाखवतात. मला त्या कामातली फरसबंदी आणि जमिनीखालच्या नळवाहिन्या जास्त मोलाच्या वाटतात.

युद्धाबद्दलही असंच. जून 2015 मध्ये अल्-कासिमी मोहल्ल्यातली घरं हवाई हल्ल्यात कोसळली, माणसं गेली, आणि त्याच वर्षी सना धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत गेलं. ते जगाने पाहिलं. पण ऑगस्ट 2020 च्या पावसात जी घरं पडली, त्यांच्यावर बॉम्ब पडला नव्हता. पगार थांबले, हातात पैसा राहिला नाही, धाब्यांवर वेळच्या वेळी लेप बसला नाही. मातीच्या धाब्याला इतकं दुर्लक्ष पुरतं. 2018 पासून युरोपीय संघाच्या पैशावर युनेस्को तिथल्या तरुणांना मजुरी देऊन घरं दुरुस्त करून घेऊ लागली. या कामाचे अहवाल मिळव, प्रत्येक ओळ वाच. कुठल्या घराचं काय गळत होतं, हे त्यांत सापडेल.

तुझ्या हाताला चुना लागलेला नाही, हे आराखड्यांवरून दिसतं. येत्या पावसाळ्याआधी वाई किंवा पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीवर जा. चुन्याच्या घाणीत, म्हणजे चक्कीत, चुना कसा मळतात, किती दिवस मुरवतात, हे गवंड्याकडून शीक. वहीत उतरवण्याआधी स्वतः थापी धर. मग कदाद समजेल. तो येमेनचा पाणी न शिरणारा गिलावा. चुन्यात ज्वालामुखीच्या दगडाची भर घालून तो दिवसेंदिवस बडवतात, दगडाने घोटतात आणि शेवटी जनावराची चरबी चोळतात. रदा गावातला 1504 चा अमीरिया मदरसा सल्मा अल्-रादी या इराकी पुरातत्त्वज्ञ बाईंनी येमेनी कारागिरांच्या हातून असाच पुन्हा उभा केला. वीसहून जास्त वर्षं लागली. 2007 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. जवळजवळ विसरलेला कदाद त्या कामामुळे पुन्हा कारागिरांच्या हातात आला, याचं मला त्या पुरस्कारापेक्षा जास्त अप्रूप आहे. बाईंचं लेखन शोधून वाच.

अरबी शीक, आणि पुस्तकी अरबीवर थांबू नकोस. मराठवाड्यातल्या चाऊस कुटुंबांचे पूर्वज येमेनमधल्या हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आले, हे तुला माहीत असेल. सना आणि हद्रमौत वेगळे, बोलीही वेगळी. पण परभणी-नांदेडकडच्या एखाद्या जाणत्या घरी जाऊन बसलीस तर येमेनी घराच्या रीतिभाती निदान कानावर पडतील. आपल्याला येमेन आठवतो तो बहुधा एडनमुळे, वासुदेव बळवंत फडके 1883 मध्ये तिथल्या तुरुंगात वारले म्हणून. तेव्हा एडन मुंबई इलाख्यात होतं. सना कधीच नव्हतं. तिथल्या लोकांपुढे या दोन्हींची गल्लत करू नकोस.

आणि एक दिवस गेलीस की सगळे बाब अल्-यमनच्या वेशीतून शिरून सूक अल्-मिल्हकडे जातात, तशी तूही जा. गर्दी, जंबियांची दुकानं, दगडी वाडग्यात उकळत आलेला, मेथीच्या फेसाचा सलता नावाचा रस्सा, हे सगळं घे. पण बाजारात रमू नकोस. मी गेलो तेव्हा शांतता होती, लोकांनी मला मफ्रजपर्यंत नेलं, पण मधले मजले, स्वयंपाकघर, बायकांची दुपारची बैठक मला बंद होती. परपुरुषाला ती बंदच असते. पुरुषांनी केलेल्या बऱ्याच आराखड्यांत हे मजले नुसते आयत आहेत. तुला ती दारं उघडतील. तंदूर कुठे, धूर कुठून बाहेर जातो, पाणी कोण कुठल्या मजल्यापर्यंत चढवतं, हे त्या बायका सांगतील. आधी विचारून मग मोजमाप घे आणि माणसांचे फोटो काढू नकोस.

सोबत पाठवलेल्या आराखड्यातल्या घराचा तळापासून गच्चीपर्यंतचा उभा छेद काढ. त्यात संडासाची नळी, पाणी चढवायची वाट आणि धाब्याचा उतार दाखव. गुढीपाडव्याच्या आत माझ्याकडे पाठव, तपासून देतो. गवंड्याशी ओळख करून द्यायला वाईला कुणाला गाठायचं, ते फोनवर सांगेन.

तुझा,
सर