आधी प्रश्न वाच

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तू उठून गेलीस तेव्हा कपात अर्धा चहा तसाच होता. तुझ्या काकूला वाटलं, साखर जास्त झाली. मला कारण ठाऊक होतं. ऑगस्ट २०२५ चा पीएमआय, म्हणजे कारखान्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना विचारून दर महिन्याला काढतात तो निर्देशांक, ५९.३, सतरा वर्षांतला उच्चांक, आणि नागपूरजवळ तुझ्या बाबांच्या हिंगण्याच्या शेडमध्ये पाचांपैकी दोनच मशीन चालू. "काका, मग खोटं कोण बोलतंय?" असं तू विचारलंस आणि मी उत्तर द्यायचं सोडून तुझ्यावर आवाज चढवला. तो राग तुझ्यावरचा नव्हता. हाच प्रश्न मी आठ वर्षांपूर्वी स्वतःला विचारायला हवा होता.

खोटं कोणीच बोलत नाहीये. तू आकडा वाचलास, प्रश्न वाचला नाहीस. आधी प्रश्न वाच.

मी बुटीबोरीला एका कारखान्याच्या परचेसमध्ये, म्हणजे खरेदी विभागात, होतो तेव्हा आमचा कारखाना या पाहणीच्या यादीत होता. महिन्याच्या उत्तरार्धात फॉर्म यायचा. गेल्या महिन्याच्या तुलनेत नव्या ऑर्डरी वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या? उत्पादनाचं काय? कामगारांचं? पुरवठादाराला माल पोचवायला लागणारा वेळ? कच्च्या मालाचा साठा? प्रत्येकापुढे तीन पर्याय, एकावर खूण करायची. किती वाढलं, हे या पाच प्रश्नांत कुठेच विचारलेलं नाही. शंभर कारखान्यांपैकी ३० म्हणाले वाढलं, ५० म्हणाले तेवढंच, २० म्हणाले घटलं, तर तिसात पन्नासचे निम्मे मिळवायचे. झाले ५५. मग त्या पाच उत्तरांना वजन द्यायचं: नव्या ऑर्डरींना ३० टक्के, उत्पादनाला २५, रोजगाराला २०, पुरवठ्याच्या वेळेला १५, साठ्याला १०. हंगामाचा चढउतार काढून टाकला की तुझा पीएमआय तयार.

आता सांग, ५९.३ म्हणजे कारखानदारी किती वाढली? सांगता येणार नाही. वाढलं म्हणणारे फार होते, एवढंच त्यातून कळतं. सप्टेंबरात तो ५७.७ झाला तर तू मला मेसेज केलास, "घसरलं." काहून घसरेल? ५० च्या वर आहे ना? म्हणजे वाढलं म्हणणारे अजूनही घटलं म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त. ऑगस्टइतके नाहीत, बस. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असून हे तुला मी सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

आणि बाबांचं म्हणशील तर, ते तुलना कशाशी करतात हे तू त्यांना विचारलंस का? मी विचारलं. ते म्हणाले, "मागच्या दिवाळीच्या वेळी पाचही मशीन चालत होती." फॉर्म मागच्या दिवाळीबद्दल विचारत नाही, मागच्या महिन्याबद्दल विचारतो. जुलैतही त्यांची दोनच मशीन चालू होती. म्हणजे त्यांच्या नावापुढे "तेवढंच" अशी खूण पडली असती आणि ती अर्धी मोजली गेली असती. पाहणीत असतात देशभरातले साधारण ४०० कारखाने, क्षेत्र आणि कामगारसंख्या बघून निवडलेले. त्यांत पाच मशीनची शेड असती तरी चारशेतली एक. बाबांचं दुःख खरं आहे, ५९.३ ही खरा आहे. दोघांना प्रश्न वेगवेगळा विचारलेला आहे.

पुरवठ्याच्या वेळेकडे जरा नीट बघ, कारण भलेभले तिथेच चुकतात. हे उत्तर उलटं करून मोजतात. माल उशिरा येतोय म्हणजे पुरवठादाराकडे रांग लागली आहे, म्हणजे मागणी आहे, असं त्यामागचं गृहीत. एरवी ते बरोबरच असतं. तेजीच्या दिवसांत मी रायपूरच्या मिलला पोलादाच्या प्लेटसाठी फोन लावायचो, तर तिकडचा माणूस तीन दिवस सांगायचा, "साहेब, गाडी देवरीपर्यंत आली." चौथ्या दिवशी बिल्टीचा, म्हणजे माल गाडीत चढल्यावर मिळणाऱ्या पावतीचा, नंबर मागितला की कळायचं, गाडी अजून भरलेलीच नाही, आमच्याआधी दहाजण उभे आहेत. तो उशीर तेजीचाच होता. पण एप्रिल २०२० आठव. मार्चच्या ५१.८ वरून आकडा थेट २७.४ वर आला. नागपूरच्या वाडीला ट्रक उभे होते, ड्रायव्हर गावी निघून गेले होते. मागणीच नव्हती, आणि तरी माल उशिरा येत होता. सूत्राला यातला फरक कळत नाही, उशीर दिसला की ते आकडा वर ढकलतं. त्या काळात जगभरच्या पीएमआयला या एका प्रश्नाने वर धरून ठेवलं होतं. प्रश्न न वाचणाऱ्याला हे कळलंसुद्धा नाही.

आता माझं सांगतो. बाबांनाही मी हे कधी पूर्ण सांगितलेलं नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. आमचे डीलर जूनपासून माल उचलायला तयार नव्हते. जुना साठा संपवू, नव्या कराचं काय होतं ते बघू, मग ऑर्डर देऊ, असं प्रत्येकजण म्हणत होता. जुलैचा फॉर्म मीच भरला. नव्या ऑर्डरींपुढे "घटल्या" अशी खूण मी माझ्या हाताने केली. ती का केली हे मला पक्कं ठाऊक होतं: ग्राहक गेला नव्हता, थांबला होता. मग १ ऑगस्टला आकडा आला, ४७.९. जूनमध्ये ५०.९ होता. आणि पोरी, ज्या आकड्यात माझी स्वतःची खूण होती, त्या आकड्याला मी घाबरलो. शेठजींकडे गेलो आणि प्लेटची खरेदी थांबवायला लावली. ते म्हणाले, "तुला ठीक वाटतं ना?" मी हो म्हणालो.

ऑगस्टमध्ये पीएमआय ५१.२ वर आला. त्याच्या आधीच डीलरांचे फोन सुरू झाले होते. सगळ्यांची गोदामं रिकामी, सगळ्यांना एकदम माल हवा. आमच्या यार्डात मात्र प्लेट नव्हती. रायपूरला रांग. अकरा वर्षांचा एक ग्राहक दुसरीकडे गेला आणि परत आला नाही. ठेक्यावरच्या चार वेल्डरांना काम नाही म्हणून सोडावं लागलं. त्यांतला एक कामठीचा होता, मला मामा म्हणायचा. जाताना त्याने हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं, बोलला काहीच नाही.

त्या आठवड्यात माझ्यासारखा विचार करणारे कमी नव्हते. पेपरांत मंदीच्याच बातम्या होत्या. शेठजींनीही मला कधी दोष दिला नाही. मी निष्काळजी नव्हतो, समोर आलेला आकडा मानून चाललो, आणि त्या वेळी तेच शहाणपण वाटत होतं. आजही मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. पण तुला हेही सांगतो: फॉर्मची कार्बन कॉपी माझ्याच फाइलमध्ये होती. दोन मिनिटं काढून ती उघडली असती, तर तो पोरगा गेला नसता.

म्हणून मी आवाज चढवला. तू म्हणालीस, एम.ए.च्या अभ्यासासाठी घेतलेला हा पीएमआयचा विषय सोडते, औद्योगिक उत्पादन निर्देशांक घेते, "तो तरी खरा आहे." अगं, त्याचाही प्रश्न वाच ना! तो उत्पादन किती झालं ते मोजतो, बातमीत त्याची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी असते, आणि त्यात खाणी आणि वीजसुद्धा असते. पूर्वी तो यायला सहा आठवडे लागायचे, एप्रिल २०२५ पासून पुढच्या महिन्याच्या २८ तारखेला येतो. पीएमआय महिना संपताच पहिल्या कामाच्या दिवशी हातात पडतो. अमेरिकेत खरेदी अधिकाऱ्यांच्या संघटनेने १९३१ मध्ये हे सुरू केलं ते यासाठीच. कारखान्यात उद्या काय होणार हे आज सगळ्यात आधी परचेसच्या टेबलावर कळतं. दोन निर्देशांक एकाच महिन्यात दोन दिशांना जाऊ शकतात. त्यातला एक खोटा ठरवायची घाई करू नकोस. विषय बदलूही नकोस.

ते पाच प्रश्न मराठीत, जसे विचारले जातात तसेच, वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढ. हिंगण्याला माझ्या ओळखीच्या वीसेक शेड आहेत. प्रत्येकाला पाचही प्रश्न विचारू, "गेल्या महिन्यापेक्षा" हे शब्द दरवेळी उच्चारून, आणि उत्तरापुढे कारण लिहू. कारणाचा रकाना मोठा आख. सुरुवात बाबांच्या शेडपासून करू.

रविवारी सकाळी नऊला मी हिंगणा टी-पॉइंटला उभा असेन. वही आण. काकूने चहाला बोलावलंय, या वेळी पूर्ण पिऊन जा.

तुझा,
काका