किती सरकलीस, किती उतरलीस?

प्रश्न : ३क्ष + ४य = १२ या रेषेचा चढ माझी मुलगी ३ सांगते. ‘क्षच्या शेजारचा आकडा म्हणजे चढ’ असं तिनं पाठ केलंय. पुस्तकातलं उत्तर −३/४ आहे. सूत्र लावून मलाही तेच येतं, पण ‘हे ऋण कुठून आलं?’ असं तिनं विचारलं आणि मला काही सांगता येईना. शिवाय ५क्ष − ३य = ७ अशा रेषेवरचे बिंदू काढायला बसलो की अपूर्णांकच येतात आणि आलेख नीट जमत नाही. कुठे चुकतंय?
— एक पालक

उत्तर : ताई, ‘ऋण कुठून आलं?’ हे तिनं विचारलं याचा मला फार आनंद झाला. मी अनेक वर्षं गणित शिकवलं. चढाचं सूत्र बिनचूक म्हणणारी मुलं पुष्कळ भेटली, हा प्रश्न विचारणारी मोजकीच.

सूत्र सध्या बाजूला ठेवा आणि तिच्याकडून आधी बिंदू काढून घ्या. समीकरण ही बिंदूंना घातलेली अट आहे. जो बिंदू ती पाळतो तो रेषेवर, जो पाळत नाही तो रेषेबाहेर. क्ष = ० ठेवला तर ४य = १२, म्हणून य = ३. य = ० ठेवला तर क्ष = ४. झाले दोन बिंदू : (०, ३) आणि (४, ०).

आता तिला पहिल्या बिंदूवर बोट ठेवून दुसऱ्याकडे जायला सांगा. मी शाळेत असताना आमच्या बाई फळ्यापाशी उभं करून एवढंच विचारायच्या, “किती सरकलीस? किती उतरलीस?” इथे ती उजवीकडे ४ घरं सरकली आणि ३ घरं उतरली. उतरली म्हणून −३. चढ म्हणजे य मधला बदल भागिले क्ष मधला बदल, म्हणजे −३/४. याला ‘चढ’ म्हणतात खरं, पण ही रेषा डावीकडून उजवीकडे जाताना उतरते. ऋण चिन्ह तेवढंच सांगतं.

ती उतरतेच का, हेही समीकरणातच दिसतं. ३क्ष आणि ४य यांची बेरीज कायम १२ राहायला हवी. क्ष ४ ने वाढला की ३क्ष १२ ने वाढतो. मग बेरीज सांभाळायची तर ४य ला १२ ने कमी व्हावंच लागतं, म्हणजे य ३ ने खाली. एक वाढलं की दुसऱ्यानं घटायचं. हे तिला स्वतःच्या तोंडानं बोलू द्या, तुम्ही सांगू नका.

तिनं पाठ केलेला नियम खोटा नाही, अर्धवट आहे. डाव्या बाजूला य एकटा उरला असेल तरच क्षच्या शेजारचा आकडा चढ असतो. इथे य एकटा केला की य = ३ − (३/४)क्ष मिळतं, आणि तिथे तिचा नियम लावला की −३/४ येतोच. रेषा य-अक्षाला जिथे छेदते ती जागा सुटा उरलेला ३ दाखवतो.

एक आग्रह मात्र धरा : बिंदू तीन काढायचे. मी लहानपणी दोनवरच थांबायची. एकदा भागाकारात चुकले, ४ च्या जागी ३ लिहिलं, आणि तरी रेषा अगदी सुबक आली. येणारच, कारण कुठल्याही दोन बिंदूंमधून सरळ रेषा जाते, चुकीच्याही. तिसरा बिंदू रेषेबाहेर पडला की चूक लगेच कळते. इथे (४, ०) पासून पुन्हा ४ सरकून ३ उतरा. (८, −३) मिळेल. पडताळा : २४ − १२ = १२. डावीकडे ४ सरकायचं असेल तर ३ चढा, (−४, ६) येईल.

आता अपूर्णांकांचं. ५क्ष − ३य = ७ मध्ये शून्य ठेवलं तर −७/३ आणि ७/५ येतात. आलेखाच्या कागदावर ते अचूक दाखवणं कठीण, मग रेषा हलते. पण शून्यच ठेवा असं कुणी म्हटलेलं नाही. क्ष = ०, १, २ असं पुढे जात ५क्ष − ७ ला ३ ने नि:शेष भाग कधी जातो ते पाहायचं. ० ला −७, १ ला −२, २ ला ३. जमलं! य = १, बिंदू (२, १). ५ आणि ३ यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, म्हणून लागोपाठच्या तीन पूर्णांकांत एक हटकून सापडतो. पुढे शोधायचीही गरज नाही : ३ सरका, ५ चढा, (५, ६). उलट दिशेनं (−१, −४). इथे वजाबाकी कायम राहायची आहे, म्हणून दोन्ही पदं बरोबरीनं वाढतात आणि चढ धन येतो, ५/३.

मात्र २क्ष + ४य = ५ वर पूर्णांकी बिंदू शोधत बसू देऊ नका. क्ष आणि य पूर्णांक असले की डावी बाजू सम येते, आणि ५ विषम आहे. तिथे क्ष = १/२ घ्या, य = १ मिळतो, आणि तिथून २ सरकून १ उतरत जा.

पुढे कधीतरी ती क्ष = ४ ही उभी रेषा घेऊन येईल आणि चढ शून्य म्हणेल. तेव्हाही बाईंचाच प्रश्न विचारा. सरकणं शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही, म्हणून त्या रेषेला चढच नाही. चढ शून्य असतो तो य = ३ सारख्या आडव्या रेषेचा : तिथे सरकता येतं, पण चढणं-उतरणं नाही.