सीरमचा रामन वर्णपट दर वेळी वेगळा का येतो?

प्रश्न : चांदीच्या कोलॉइडमध्ये (पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण) सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, मिसळून रामन वर्णपट (लेसरचा प्रकाश रेणूंवरून विखुरल्यावर मिळणारा, रेणू ओळखून देणारा आलेख) घेतो. कधी शिखरं ठळक येतात, कधी काहीच दिसत नाही. नेमकं काय चुकतं?

उत्तर : बहुधा प्रथिनं आड येतात. अल्ब्युमिन हे सीरममधलं मुख्य प्रथिन चांदीच्या कणांवर थर धरतं. मग लहान रेणूंना पृष्ठभागापर्यंत पोचताच येत नाही, आणि कणही एकमेकांजवळ येत नाहीत. रामन संकेताची खरी वाढ तर दोन कणांमधल्या त्या अरुंद फटीतच मिळते. म्हणून सीरम आधी १० किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) फिल्टरमधून सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे मोठी प्रथिनं वर अडकतील; खाली उतरलेला द्रव वापरा. फिल्टरवर ग्लिसरीनचा लेप असतो, तो शुद्ध पाण्यानं आधी धुऊन काढा.

आता कोलॉइड. ५०० मिली पाण्यात ९० मिग्रॅ सिल्व्हर नायट्रेट उकळवा, १ टक्का सोडियम सायट्रेट १० मिली घाला, तासभर उकळत ठेवा. काचेची भांडी निष्काळजीपणे धुतली तर सगळी मेहनत वाया! नळाच्या पाण्यातलं क्लोराइड चांदीशी लगेच संयोग पावतं. तयार कोलॉइडच्या प्रकाश-शोषणाचं शिखर ४२० नॅनोमीटरच्या आसपास हवं. फार रुंद असेल तर ती बॅच टाकून द्या.

७८५ नॅनोमीटरचा लेसर वापरा, शक्ती कमी ठेवा. वर्णपटात १३५० आणि १५८० सेमी⁻¹ (रामन वर्णपटाचं एकक) जवळ दोन रुंद उंचवटे दिसले, तर नमुना जळून कार्बन झालाय, असं समजा.

सगळं जमलं की ६३८ आणि ११३४ ला युरिक आम्लाची, ७२५ च्या आसपास हायपोझँथिनची (शरीरात युरिक आम्ल बनण्याआधीचा रेणू) शिखरं दिसतील. ही शिखरं म्हणजे सगळं सीरम नव्हे; चांदीला जे चिकटतं, तेवढंच दिसतं.