सासूबाई जुळ्या आहेत, मग मलाही जुळी होतील का?

सासूबाई आणि त्यांची बहीण जुळ्या आहेत, म्हणून घरात सगळे 'तुलाही जुळीच होणार' म्हणतात, हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय. त्यांच्यामुळे तुमची शक्यता वाढत नाही. जुळ्यांसाठी माहेर बघायचं, सासर नाही.

मला स्वतःला जुळी आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. सोनोग्राफीत दोन ठोके दिसल्यावर डॉक्टरांनी लगेच विचारलं, "आईकडे कुणाला जुळी होती का?" होती, माझ्या आजीला.

एरवी महिन्याला एकच स्त्रीबीज बाहेर पडतं. काही बायकांमध्ये कधी कधी दोन पडतात आणि हा गुण घराण्यात उतरतो. 2016 साली याच्याशी जोडलेली दोन जनुकं सापडली. त्यातलं एक बीज वाढवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाचं. आईला किंवा बहिणीला अशी जुळी असतील तर आपली शक्यता साधारण दुप्पट होते. दुप्पट ऐकून दचकू नका, तरीही 100 पैकी 98 जणींना एकच बाळ होतं.

पुरुषात हा गुण असला तरी दिसत नाही, कारण बीज बायकोचं. पण तो लेकीला देऊ शकतो. माझ्या मामाची तिन्ही मुलं एकेकटी जन्मली, त्याच्या थोरल्या लेकीला मात्र जुळी झाली. तेव्हा तुमच्या सासूबाईंचा वारसा आलाच, तर तो तुमच्या मुलीच्या बाळंतपणात दिसेल.

तोही त्या दोघी बहिणी वेगवेगळ्या बीजांच्या असतील तरच. हुबेहूब सारख्या दिसतात का त्या? तशा असतील तर एकच फलित बीज दुभंगून झाल्या असणार. ते बहुतेक वेळा घराण्यावर अवलंबून नसतं. जगभर 1000 बाळंतपणांत चारेक वेळा घडतं.

पस्तिशीनंतरचं गरोदरपण आणि बीज वाढवायची औषधं किंवा टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, यांनी मात्र शक्यता खरोखर वाढते. जोडकेळ्याने काही होत नाही, खुशाल खा.

आणि दिवस राहिल्यावर दोन बाळं दिसलीच, तर चौदा आठवड्यांच्या आत डॉक्टरांना विचारा, वार एक आहे की दोन? एकच वार असेल तर तपासण्या जास्त वेळा कराव्या लागतात, आणि पुढे दिवस भरत गेले की हे सोनोग्राफीत ओळखणं अवघड होतं.