दुसरीचा वर्ग एका जागी बसत नाही, तेव्हा

“मॅडम, वर्ग माझं ऐकतच नाही. ओरडून ओरडून घसा बसतो. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी नुसतं बघितलं तरी मुलं गप्प होतात. मला शिकवता येत नाही बहुतेक.”

या शिक्षिका नोकरीत नव्या होत्या. जिल्हा परिषदेची शाळा, दुसरीची तीस-बत्तीस मुलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रविवार संध्याकाळपासूनच त्यांच्या पोटात गोळा यायचा. ही तक्रार प्राथमिकच्या शिक्षकांकडून मी सतत ऐकते, आणि ती जवळजवळ नेहमीच स्वतःला दोष देण्यापाशी येऊन थांबते.

मी त्यांना म्हटलं, “कालचा गणिताचा तास जसा झाला तसा सांगा.”

त्यांनी एका मुलाला फळ्यापाशी बोलावलं होतं. ‘सत्तावीस’ लिही म्हटल्यावर त्याने 72 लिहिलं. त्यांनी ते पुसलं, पुन्हा समजावलं, त्याने पुन्हा तेच लिहिलं. तोवर मागच्या बस्करांवर खोडरबरावरून भांडण जुंपलं, दोघं पाणी प्यायला निघाले, एक जण पेन्सिलीला टोक करत बसला.

“तो मुलगा फळ्यापाशी होता तेव्हा बाकीच्यांना काय काम होतं?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काहीच नव्हतं.”

सात वर्षांचं मूल रिकाम्या हातांनी फार वेळ बसू शकत नाही, आणि त्याने बसावं अशी अपेक्षाही आपण ठेवू नये. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पहिली-दुसरी ही बालवाडीबरोबर, तीन ते आठ वर्षांच्या एकाच पायाभूत टप्प्यात आहे. म्हणजे ही मुलं अजून हात लावून, उठून-बसून, बोलत बोलतच शिकणारी आहेत. त्यांच्या चुळबुळीवरून शिक्षिकेने स्वतःची लायकी ठरवू नये, हे मी त्यांना अगदी ठासून सांगितलं.

72 चंही कारण साधं होतं. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून मूल तो आधी लिहितं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला विचाराल तर सुरुवातीला दोन्ही म्हणावं: वीस सात, सत्तावीस. मुलाला आधार मिळतो आणि घरची भाषाही सुटत नाही.

सगळं एकदम बदलायचं नाही, फक्त गणिताचा तास बदलायचा, असं आम्ही ठरवलं. खराट्याच्या हिरांचे तुकडे करायचे आणि रबर लावून दहा-दहाचे गठ्ठे मुलांनीच बांधायचे. हे महत्त्वाचं, कारण आयता मिळालेला गठ्ठा मुलाच्या लेखी एकच वस्तू असते. स्वतः मोजून बांधला की त्यात दहा आहेत हे हाताला कळतं. जुन्या लग्नपत्रिका कापून अंकांची कार्डं करायची. 20 च्या कार्डावर उजवीकडे 7 चं छोटं कार्ड ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि 27 दिसतात.

बाईंनी ‘सत्तावीस’ म्हणायचं. जोडी-जोडीने गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडायच्या, कार्ड लावायचं. ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर धरायचं. कुणाचं अडलंय ते शिक्षिकेला एका नजरेत दिसतं. 72 धरणाऱ्याला चूक सांगायची नाही, “तुझ्याकडे गठ्ठे किती?” एवढंच विचारायचं. बहुतेक मुलं मोजता मोजता स्वतःच कार्ड बदलतात. दहा-बारा मिनिटांनी बैठक मोडायची आणि अंगणात चुन्याने आखलेल्या संख्यारेषेवर उड्या मारायच्या.

पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, “आवाज अजून आहेच. मुख्याध्यापक डोकावून गेले.” मी विचारलं, मुलं बोलतात काय? “‘ए, तुझे गठ्ठे तीन झाले, एक काढ.’” असा आवाज असू द्यावा. मुलांना थांबवायचं असेल तेव्हा टाळ्यांचा एक ठेका ठरवून घ्यावा, घसा ताणू नये. सतत भटकणाऱ्या मुलाकडे त्यांनी काड्या वाटण्याचं काम दिलं होतं. त्याला फिरायला कारण मिळालं.

काही मुलं अजूनही 72 लिहीत होती. या वयात अंक उलटसुलट होणं सर्रास दिसतं. मात्र काही महिने असा सराव होऊनही तेच होत असेल, वाचनही फार मागे असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग तज्ज्ञांना दाखवावं. ‘ढ’ हा शब्द वर्गात नको, शिक्षक-खोलीतही नको.

झोप आता बरी लागते, असं त्यांनी शेवटी जाता जाता सांगितलं. तोवर त्यांच्या डोक्यात जोडाक्षरं शिरली होती. फळ्यावर यादी लिहिण्याऐवजी मुलांना गावातल्या दुकानांच्या पाट्या वाचायला न्यायचं आणि सापडलेलं प्रत्येक जोडाक्षर वहीत उतरवून घ्यायचं, असा त्यांचा बेत होता. रस्ता ओलांडायचा असल्याने सोबतीला दोन आयांना बोलवायचं ठरलं.