चूकभूल द्यायची कुणाला?

प्रश्न असा आला आहे: 'चूकभूल द्यावी घ्यावी' यात चूक 'घ्यायची' म्हणजे काय, आणि 'चू' ऱ्हस्व की दीर्घ?

आधी माझी तक्रार ऐका. परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकी-सफाईचा हिशेब आला. बेरीज चारशे रुपयांनी चुकलेली. कुणीतरी दाखवून दिलं, तर उत्तर काय? 'चूभूद्याघ्या' आणि जोडलेले हात. बेरीज तशीच! अहो, ही माफी नव्हेच. माफीत समोरच्यानं सोडून द्यायचं असतं. इथे कुणीच काही सोडत नाही.

हा पेढीवरचा करार आहे. हिशेबाखाली 'चु. भू. दे. घे.' लिहायचं, म्हणजे पुढे चूक सापडली तर जादा आलेलं परत देणे, कमी आलेलं मागून घेणे. देण्याघेण्याचे ते पैसे, चूक नव्हे. माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. दिवाळीला वही बदलताना एका गिऱ्हाइकाला गुळाच्या ढेपेचे साडेतीन रुपये जास्त लावल्याचं त्यांना सापडलं. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन पैसे हातावर ठेवले, 'गुळाचे' एवढंच म्हणाले आणि चहा घेऊन परत आले. (नुसती भूल द्यायची तर त्याला भूलतज्ज्ञ आहेत.)

हे इंग्रजी बिलावरच्या 'ई. अँड ओ. ई.'चं भाषांतर आहे, असं ठोकून देणारे विद्वान भेटतात. तिकडे अर्थ 'चुका आणि राहिलेलं वगळून', म्हणजे बिल देणारा चूक सुधारायचा स्वतःचा हक्क राखून ठेवतो. त्यात 'देणे' कुठे आहे? हिंदी पेढ्यांवरही 'भूल-चूक लेनी-देनी'च.

आता खरी गंमत. बाराव्या शतकात गुजरातेत पाटणला हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात संस्कृत 'भ्रंश्' म्हणजे ढळणे, घसरणे या धातूऐवजी प्राकृतात येणारे सहा धातू एका सूत्रात दिलेत: फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क, भुल्ल. चुक्क आणि भुल्ल शेजारीशेजारी! तरी संस्कृत 'च्युत' म्हणजे ढळलेला, त्यावरून 'चूक' काढणारे आहेतच. 'च्युत'चं प्राकृतात 'चुअ' होतं. मग हा जोड क्क कुठून आणणार, उसना?

आणि त्याच ओळीतला 'फिट्ट' बघा. तो आपला 'फिटणे'. पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं आणि कर्जही फिटतं. चूक, भूल आणि त्यांची फेड एकाच सूत्रात बसलीयेत. माझं तर पुढे जाऊन म्हणणं आहे की 'हिशेब चुकता केला' यातला 'चुकता'ही याच चुक्कचा. जे हातून निसटलं ती चूक, जे अंगावरून उतरलं ते चुकतं झालं. हिंदीत 'चूकना' दीर्घ आणि 'चुकना' ऱ्हस्व, म्हणून हे दोन वेगळे शब्द, असा आक्षेप एका स्नेह्यांनी घेतला. मला तो पटलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घावर घराणी फोडायची तर मराठीत 'चूक' आणि 'चुका' यांनाही वेगळं बिऱ्हाड करून द्यावं लागेल.

हो, ऱ्हस्व-दीर्घाचं राहिलंच. 'चूक' दीर्घ, म्हणून 'चूकभूल' दीर्घ. 'चुकीचा', 'चुकून' ऱ्हस्व. वर 'चु. भू. दे. घे.'मधला 'चु' मी आजोबांच्या वहीतल्यासारखा ऱ्हस्व लिहिला खरा, पण त्यांची वही मोडीत होती आणि मोडी हा भेद पाळत नाही. तेव्हा ती साक्षीला काढू नका.